दोन मुक्काम, एक बाबागाडी

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. मुलगा अडीच वर्षांचा. येत्या मेमध्ये चौदा दिवस युरोपला जायचं ठरवलंय. सासूबाईही येणार आहेत. त्या ६६ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. ह्यांनी एक्सेलमध्ये आखणी केलीय : पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, ल्युसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, रोम. एका टूर कंपनीची सहल पाहिली, तर त्यातही सात देश. माझी आई म्हणते, मुलं एवढी लहान, त्यांना काय आठवणार, पाच वर्षं थांबा. नणंद म्हणते, पुन्हा जाणं होईल न होईल, सगळं बघून घ्या. मुलीला फक्त बर्फ आणि डोंगरावर चढणारी ट्रेन बघायची आहे. तिचा पासपोर्ट ती दीड वर्षाची असताना सिंगापूरला जाताना काढला होता, मुलाचा अजून काढायचाय. आखणी उघडून बसले की मला धडकीच भरते. काय करू?
— एक आई, ठाणे

उत्तर :

प्रिय ताई,

तुम्हाला धडकी भरते याचा अर्थ तुम्ही ती आखणी नीट वाचली आहे. थोडा हिशोब करू. चौदा दिवसांतले दोन विमानप्रवासात गेले, उरले बारा. आठ शहरं म्हणजे मध्ये सात वेळा मुक्काम हलवायचा. सकाळी बॅगा भरा, दहा-अकराच्या आत खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीत बसा, उतरा, नवी जागा शोधा. ती खोली मिळणार दुपारी तीनला. तोवर मुलाची झोप मोडलेली, मुलगी भुकेलेली आणि आजी कुठल्यातरी बाकावर बॅगा राखत बसलेल्या. बारातले सात दिवस असे गेले की उरले पाच. या पाच दिवसांसाठी तुम्ही आठ शहरांचे पैसे मोजणार आहात.

मी हे अनुभवाने सांगते. माझी मुलं चार आणि सात वर्षांची असताना आम्ही अकरा दिवसांत पाच शहरं करायला निघालो होतो. सहाव्या दिवशी व्हेनिसला पोचलो. त्या शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेक पुलांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत, हे मला माहीत होतं. पण झोपलेल्या मुलासकट बाबागाडी उचलून ते पूल चढायचे म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळलं. चौथ्या की पाचव्या पुलावर लेक पायरीवर बसली. रडली नाही, हट्ट केला नाही. नुसतं विचारलं, "आई, इथून आपलं घर किती लांब आहे?" मीही तिच्या शेजारी बसले. खालच्या कालव्यात कचऱ्याची बोट आली होती. बोटीवरची क्रेन कचऱ्याच्या गाड्या उचलून पोटात रिकाम्या करत होती. मुलगा जागा झाला आणि दोघांनी पाऊण तास ती क्रेन पाहिली. दुसऱ्या दिवशीची फ्लोरेन्सची तिकिटं आम्ही सोडून दिली. पैसे बुडाले, त्याची हळहळ वाटली नाही. आज लेक कॉलेजात आहे आणि व्हेनिस म्हटलं की तिला ती क्रेन आठवते.

म्हणून तुमच्या आईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की, काय आठवेल हे आपल्या हातात नाही, पण त्यासाठी पाच वर्षं थांबायचं कारणही नाही. पाच वर्षांनी मुलं मोठी होतील, तशी आजीही ७१ वर्षांची होईल. त्यांचे गुडघे आज चालतात तेवढे तेव्हा चालतीलच असं नाही. मुलांना आजीबरोबर बोटीच्या कठड्याशी उभं राहता येणं, ही संधी मला रोमपेक्षा मोठी वाटते. तेव्हा जा, पण दोनच मुक्काम ठेवा : आधी सात रात्री स्वित्झर्लंड, मग पाच रात्री पॅरिस. बाकीची नावं शीटमधून काढून टाका. यजमानांना जड जाईल. त्यांनी मन लावून आखणी केलीय, तर ती मेहनत या दोन ठिकाणांच्या तपशिलात वापरायला सांगा, तिथे तिचा खरा उपयोग आहे.

टूर कंपनीबद्दल एक सांगते, कारण तो पर्याय वाईट नाही. व्हिसाची कागदपत्रं, रोजचं आपलं जेवण, बरोबर मराठी बोलणारी माणसं, याचं ज्येष्ठांना खूप सुख असतं. सासूबाई एकट्या किंवा तुम्ही दोघं जाणार असता तर मी तोच मार्ग सुचवला असता. पण त्या बसला सकाळी साडेसात-आठला निघावंच लागतं आणि तीन वर्षांच्या मुलाला शी लागली म्हणून ती हमरस्त्यावर कुठेही थांबत नाही. त्या वयाच्या मुलासाठी तो दिवस फार लांबलचक होतो.

मे महिना तुम्ही चांगला निवडलात. युरोपातली गर्दी जुलै-ऑगस्टला उसळते, कारण तिथल्या शाळांची मोठी सुट्टी तेव्हा असते. आपली सुट्टी त्याआधी पडते, हा आपला फायदा. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एप्रिल-मेमध्ये उंचावरच्या काही केबल कार देखभालीसाठी बंद असतात, काही डोंगरी गाड्या जूनमध्येच सुरू होतात. आणि मेमध्ये तिकडे सुट्ट्या खूप येतात. १ मे आहे, फ्रान्समध्ये ८ मे आहे, शिवाय ईस्टरनंतरचे दोन सण बहुधा याच महिन्यात पडतात. जोडून सुट्ट्या आल्या की गाड्या भरतात. आखणी करताना त्या वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा.

स्वित्झर्लंड आधी का, ते सांगते. मेमध्ये तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. म्हणजे रोज सकाळी सातला उठणारी मुलं पहिले तीन-चार दिवस साडेतीनला टक्क जागी होतील आणि संध्याकाळी पाचला पेंगायला लागतील. हे मोठ्या शहरात निभावणं कठीण जातं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात स्वयंपाकघर असलेल्या घरात तुम्ही असाल, तर पहाटे पोहे करता येतात, खिडकीतून उजाडताना बघता येतं. शिवाय झुरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. सामान घेऊन खाली उतरायचं, बर्नला एकदा गाडी बदलायची, अडीच तासांच्या आत इंटरलाकेन, म्हणजे तुमच्या मुक्कामाचं गाव. टॅक्सी लागत नाही, हेही महत्त्वाचं, कारण तिकडे लहान मुलांना गाडीत वेगळी सीट लावल्याशिवाय बसवत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये हा नियम बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटीमीटर उंचीपर्यंत आहे. तुमच्या दोन्ही मुलांना तो लागू होतो.

मुक्काम इंटरलाकेनला किंवा शेजारच्या विल्डर्सविलला करा. पाच माणसांना हॉटेलच्या एका खोलीत सहसा राहू देत नाहीत, म्हणून दोन बेडरूमचं घर घ्या. एक काळजी घ्या : मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणारं थेट विमान पहाटे पोचतं आणि घर दुपारी तीनला मिळतं. रात्रभराच्या प्रवासानंतर मुलांना घेऊन स्टेशनवर आठ तास काढायची कल्पना करवत नाही. घरमालकाला आधी लिहून लवकर प्रवेश मागा, नाहीतर सरळ आदल्या रात्रीचंही भाडं भरा. वाया गेलेले पैसे वाटतील, पण त्या सकाळी अंघोळ करून अंथरुणावर आडवं होता आलं की तसं वाटणार नाही.

लेकीची ट्रेन विल्डर्सविलच्या जवळच आहे. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइने शायडेगला जाणारी गाडी १८९३ सालची आहे. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते, गाडीखालचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत चढण चढतं. पुढे ग्रिंडेलवाल्डपर्यंत उतरणारा हा सगळा मार्ग १९ किलोमीटरचा, जगातला सलग सगळ्यात लांब दातेरी रेल्वेमार्ग आहे. निघण्यापूर्वी लेकीला प्लॅटफॉर्मवरून खाली ती पट्टी दाखवा, मग वर चढताना तिचं लक्ष खिडकीपेक्षा चाकाच्या आवाजाकडे जास्त राहील. क्लाइने शायडेग २०६१ मीटरवर आहे. मेमध्ये तिथे बहुधा हाताला लागेल एवढा बर्फ असतो. तेवढ्यावरून परत फिरा असं मी आग्रहाने सांगेन. तिथून पुढे युंगफ्राउयोखला सगळे जातात, ते ३४५४ मीटरवर आहे, पण तिथली हवा विरळ असते. बीपी असलेल्या सासूबाईंना आणि ज्याला कान दुखतोय की डोकं हे नीट सांगता येत नाही अशा तीन वर्षांच्या मुलाला तिकडे नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. सहा वर्षांच्या मुलीसाठी बर्फ तो बर्फ. तिकीटही फार महाग आहे.

प्रवासासाठी आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घ्या. सात रात्री म्हणजे झुरिकला उतरल्यापासून सीमेवरच्या बाझेलला देश सोडेपर्यंत आठ दिवस, बरोबर बसतात. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना पास काढलेल्या आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर फुकट फिरता येतं, ते कार्ड पासबरोबरच मागून घ्या. यात गाड्या, बस आणि तलावांवरच्या बोटी येतात. वेंगेनपर्यंत पास चालतो, त्यापुढच्या टप्प्याचं तिकीट सवलतीत वेगळं काढावं लागतं.

रोज एकच गोष्ट ठरवा. एक दिवस ब्रिएन्झ तलावाची बोट. एक दिवस बालेनबर्ग, तिथे देशभरातून आणून पुन्हा उभी केलेली शंभरावर जुनी घरं आहेत आणि गोठ्यात खऱ्या गाई, बकऱ्या, डुकरं. एक दिवस लाउटरब्रुनेनच्या दरीत जवळजवळ तीनशे मीटरवरून पडणारा श्टाउबाख धबधबा, पाहून झाला की तिथेच गवताकडेची वाट आणि खेळायचं मैदान. (त्याच दरीतला डोंगराच्या पोटातला ट्र्युमेलबाख धबधबा प्रसिद्ध आहे, पण तिथे चार वर्षांखालच्या मुलांना कडेवर घेऊनही सोडत नाहीत. मुलाला घेऊन एक जण बाहेर थांबणार असेल तरच जा.) पावसाचा दिवस येणारच. त्या दिवशी बर्नला जा. जुन्या गावात रस्त्याच्या कडेने छताखालून जाणारे मिळून सहा किलोमीटरचे पदपथ आहेत, बाबागाडी कोरडी राहते. आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, विशेषतः आजीसाठी. त्या दिवशी त्यांच्यावर मुलं सोडून तुम्ही दोघं डोंगरावर, असं मात्र करू नका. त्याही फिरायला आल्या आहेत.

तुमचा मुलगा चालतो, तरी बाबागाडी न्या. आपल्याकडे रस्ते-फुटपाथ पाहता बरीच घरं ती घेतच नाहीत, म्हणून तिच्याशिवाय निघायची चूक सहज होते. छत्रीसारखी मिटणारी, हलकी घ्या. दुपारी एकच्या सुमाराला मुलगा तिच्यात झोपला की बाकीच्यांना दीड तास मिळतो. संध्याकाळी लेकच तीत बसायला मागेल. बसू द्या. महिनाभर आधी तिला ठाण्यातच तलावपाळीवर रोज दोन-दोन फेऱ्या मारायला न्या, तिच्या पायांचा अंदाज तुम्हाला येईल.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण डोक्यात असेलच. स्वित्झर्लंडमध्ये पाच जणांनी रोज दोनदा बाहेर खाणं म्हणजे खर्च हाताबाहेर गेलाच. कोऑप आणि मिग्रोस या दुकानांत तांदूळ, मसूरडाळ, दही, लोणी, भाज्या, अंडी सगळं मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी, हे लक्षात ठेवून शनिवारी सामान भरा. घरून मेतकूट, लाडू, भाजणी, कोरडे पोहे, गोडा मसाला न्या. पण पेढे, पनीर, तूप, चीज नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी आणायला तिकडे बंदी आहे, लहान बाळांच्या दूधपावडरीला तेवढी सूट आहे. मे महिना म्हणून हापूस बॅगेत घालायचा मोह होईल, तोही नको. वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं आणि कढीपत्त्यासारखा पालाही नेता येत नाही. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. धुराच्या अलार्ममुळे भाड्याच्या घरात खमंग फोडणी टाळलेली बरी. मऊ खिचडी, वर लोणी आणि मेतकूट, एवढ्यावर माझी मुलं आठवडा आनंदात राहिली होती. आपले प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाहीत, अडॅप्टर दोन घ्या.

मग आठव्या दिवशी पॅरिस. इंटरलाकेनहून बाझेलला दोन तास, तिथून वेगवान गाडीने पॅरिसला तीन तास. या दुसऱ्या गाडीला आरक्षण सक्तीचं आहे, लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. तोवर मुलांची झोप तिकडच्या घड्याळाला लागलेली असेल, पण तिथे वेगळीच अडचण येते. मे अखेरीला पॅरिसला सूर्य साडेनऊच्या पुढे मावळतो. आठ वाजता लख्ख उजेड असतो आणि मुलं म्हणतात, अजून दिवस आहे. खोलीला जाड पडदे आहेत का ते आधी विचारा. आणि आयफेल टॉवरची रोषणाई बघायचीच हा आग्रह सोडा. ती अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला होते, म्हणजे मुलांना रात्री दहा-अकरापर्यंत जागवावं लागेल. दिवसा टॉवर पाहा, मग जवळच्या घोड्यांच्या मेरी-गो-राउंडवर मुलांना बसवा. मुलं टॉवरपेक्षा तिथे जास्त वेळ मागतील, द्या.

पॅरिसची मेट्रो जुनी आहे. बहुतेक स्टेशनांत पायऱ्याच पायऱ्या, लिफ्ट मोजक्याच. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि बाबागाडी बरोबर असताना बसने फिरा. बसमधून शहरही दिसतं. ६९ नंबरची बस आयफेल टॉवरजवळून निघून लूव्र या कलासंग्रहालयावरून जाते. लूव्र मंगळवारी बंद असतं. मुलांना तिकीट लागत नाही, पण मुलांसकट आत दोन तास काढायचे हे मला पटत नाही. तुम्हाला ओढ असेल तर एका सकाळी तुम्ही एकट्या जा, दुसऱ्या सकाळी यजमान त्यांना आवडेल तिकडे. बाकी सगळ्यांनी लक्झेम्बर्ग बागेत जा. तिथल्या तळ्यात लाकडी शिडाच्या होड्या भाड्याने मिळतात. काठीने ढकलायची, वाऱ्यावर ती कुठे जाते पाहायची आणि तळ्याला वळसा घालून तिला पकडायला धावायचं. आजीला बसायला भोवती हिरव्या लोखंडी खुर्च्या आहेत. एक दिवस झारदँ दे प्लांत या बागेतलं प्राण्यांचं संग्रहालय करा, तिथे पेंढा भरलेल्या हत्ती-जिराफांची मिरवणूक मांडलेली आहे. आणि तासाभराची सीन नदीवरची बोट, तीत सगळं पॅरिस बसल्याजागी दिसतं. डिस्नेलँडचं मी सांगणार नाही. तो दिवस छान जातो, पण महाग आणि दमवणारा असतो. लेकीने स्वतःहून नाव काढलेलं नाही, तर तुम्हीही काढू नका.

आता सगळ्यात तातडीचं. भारतात लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. लेकीचा दीड वर्षाची असताना काढलेला, म्हणजे ती साडेसहाची होताना तो संपणार, ऐन मेच्या तोंडावर. शेंगेन व्हिसासाठी (या दोन्ही देशांना चालणारा एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू लागतो. तेव्हा याच आठवड्यात दोन्ही मुलांचे अर्ज भरा, सासूबाईंच्या पासपोर्टची तारीखही बघा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंड. मार्च-एप्रिलमध्ये मुंबईत वेळ मिळणं अवघड होतं, जानेवारीतच पकडा. मोठ्यांची फी ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांची ४५, त्याखाली माफ. बाराखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सासूबाईंचा काढताना आधीपासूनच्या आजाराला तो लागू आहे का, ते एजंटकडून लेखी घ्या आणि त्यांच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

विमान मुंबई-झुरिक आणि परत पॅरिस-मुंबई असं एकाच तिकिटावर काढा, म्हणजे मागे फिरावं लागणार नाही. आणि पॅरिसचं घर नक्की करण्यापूर्वी लिफ्ट आहे का, आणि तीत बाबागाडी मावते का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. तिथल्या जुन्या इमारतींत कितीतरी लिफ्ट जेमतेम दोन माणसांच्या असतात.

तुमची,
सल्लागार ताई